फाईल आत राहिली

१

वहिनीचा फोन आला तेव्हा इंद्रायणी मोशीच्या चौकात एका कंटेनरच्या मागे अडकून पडली होती.

"इंदू, आमचा जानेवारी गेला," वहिनी म्हणाली.

"अजून आठवडा बाकी आहे, वहिनी."

"कॉम्प्युटरमधला गं. जानेवारीचे सगळे एक्स-रे गेले. डिसेंबर आहे, नोव्हेंबर आहे, जानेवारी उघडला की आत काहीच नाही."

इंद्रायणीने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. चिंचवडला तिचं लहानसं ऑफिस होतं. दवाखाने, वकिलांची ऑफिसं, वर्कशॉप असल्या ठिकाणचे कॉम्प्युटर सांभाळणं हा तिचा व्यवसाय. सगळी गिऱ्हाइकं तिचं ऐकत, एक सोडून. ते एक म्हणजे सख्ख्या भावाच्या बायकोचा, डॉक्टर योगिनीचा, चाकणमधला दातांचा दवाखाना. तिथे ती घरचीच, त्यामुळे तिने सांगितलेलं सगळे हसून ऐकत आणि चहा विचारत.

"आता नीट ऐक. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही. नवीन काही सेव्ह करायचं नाही, डाउनलोड करायचं नाही. पुसलेली गोष्ट लगेच नाहीशी होत नाही. तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की मग होते. कळलं ना?"

"कळलं. ज्ञानेश बसलाय तिथे. तो बघतोय काहीतरी."

"दादाला उठव."

"तो म्हणतो, एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळालंय..."

"वहिनी, त्याला उठव. मी फोन चालू ठेवते. तो उठला की मला सांग."

आंबेठाण रस्त्यावरच्या त्या पहिल्या मजल्यावर ती पोचली, तेव्हा दादा रिसेप्शनच्या बाकावर पेशंटसारखा बसला होता. "अर्धंच डाउनलोड झालं होतं गं," तो म्हणाला. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या एका कार्डावर पासवर्ड ठळक अक्षरांत लिहिलेला होता. मागच्या वेळी तिने स्वतःच्या हाताने काढून फाडलेलं कार्ड कोणीतरी नवं लिहून परत लावलं होतं.

दवाखान्याची मांडणी साधी होती. बाहेर रिसेप्शन, तिथे मुख्य कॉम्प्युटर. आतल्या खोलीत खुर्ची, एक्स-रेचं यंत्र आणि त्याला जोडलेला दुसरा कॉम्प्युटर. आत काढलेला एक्स-रे तारेतून बाहेरच्या कॉम्प्युटरमध्ये येऊन महिन्याच्या फोल्डरमध्ये पडे. दर सोमवारी सकाळी योगिनी मागच्या आठवड्याचे सगळे एक्स-रे एकदा नजरेखालून घाली. आज तिने फोल्डर उघडला आणि तो रिकामा निघाला.

"मशीनच बिघडलं असेल," दारात उभी असलेली डॉक्टर हर्षाली म्हणाली. सकाळच्या वेळेत काम करणारी ही तरुण डॉक्टर, वडील भोसरीत कंपनीत, घर मूळचं परभणीकडचं. तिने हातमोजे घातले होते, पण खुर्चीत पेशंट नव्हता.

इंद्रायणीने डिसेंबर उघडून पाहिला. एकूणएक चित्र स्वच्छ उघडत होतं.

"मशीन बिघडलं की कुठेही बिघडतं," ती म्हणाली. "दोन डिसेंबरची जातील, चार नोव्हेंबरची जातील, एखादं अर्धवट उघडेल. ते असं एका महिन्याच्या कडेने सरळ फाटत नाही. हे कोणीतरी पुसलंय."

२

योगिनीने तिला केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं.

"मला माहितीये कोणी ते. निरंजनने."

डॉक्टर निरंजन संध्याकाळच्या वेळेत येई. पाडव्याला तो चऱ्होलीत स्वतःचा दवाखाना सुरू करणार होता, ही गोष्ट त्याने लपवली नव्हती. पण योगिनीला ती पचलीही नव्हती.

"पेशंट फोडायला बघतोय तो," ती म्हणाली. "शुक्रवारी संध्याकाळी फोनवर कोणाशी तरी कॉम्प्युटरच्या फायलीबद्दल बोलत होता, 'मॅडमना कळायच्या आत' म्हणत होता. अंजलीने स्वतः ऐकलंय. आणि शनिवारी संध्याकाळी पेशंट संपले तरी बाहेरच्या कॉम्प्युटरपुढे बसून होता. मी दुपारी पोलीस स्टेशनला जाणार आहे."

"वहिनी, पेशंट न्यायचे असतील तर माणूस कॉपी करून नेईल. पुसेल कशाला? पुसलं की सगळ्यांना कळतं."

"मला अडवायला."

"पोलिसांत नाव गेलं तर त्याचा दवाखाना उघडायच्या आधीच बंद होईल. चऱ्होली काही लांब नाही."

"मग होऊ दे."

इंद्रायणीने नाद सोडला. "कॉम्प्युटरमध्ये कोणाच्या नावाने पुसलं गेलंय ते मी सांगते. डॉक्टर योगिनीच्या. कारण तुम्ही सगळे एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने आत शिरता. प्रत्येकाला वेगळं नाव करून द्या, हे मी तुला किती वेळा सांगितलं?"

"करायचंच होतं गं. पण तू म्हणशील म्हणून एक मात्र केलं." योगिनीने अभिमानाने पर्समधून एक काळी डिस्क काढली. "बॅकअपची डिस्क कायम कॉम्प्युटरला लावून ठेवू नका म्हणाली होतीस ना? शनिवारी दुपारी मी निघोज्याहून आले, कंपनीत तपासणी शिबिर होतं. जेवणाच्या सुट्टीतली कॉपी संपली तशी डिस्क काढली आणि घरी कपाटात कुलपात ठेवली. या वेळी बोट ठेवायला जागा नाही तुला."

इंद्रायणीने डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली. नोव्हेंबर होता. डिसेंबर होता. जानेवारी रिकामा होता.

तिने कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमची सेटिंग पाहिली. तो प्रोग्रॅम आरशासारखा लावलेला होता. कॉम्प्युटरमध्ये जे असेल ते डिस्कवर येई आणि कॉम्प्युटरमधून जे जाईल ते डिस्कवरूनही जाई.

"हे कोणी लावून दिलं?"

"ज्ञानेशने. व्हिडिओ बघून."

"वहिनी, याला बॅकअप म्हणत नाहीत. इथे चूक झाली की ही डिस्क इमानाने तीच चूक करते. जुन्या कॉप्या वेगळ्या राहिल्या पाहिजेत, आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी उघडून बघायला पाहिजे. उघडून बघितली होती कधी कोणी?"

इंद्रायणी आणखी बरंच बोलणार होती, पण बोलता बोलता ती थांबली. तिने डिस्क उचलून हातात धरली.

"ही शनिवारी दुपारपासून तुझ्या कपाटात होती. कुलपात."

"हो, सांगितलं ना."

"आणि जानेवारी हिच्यातही नाही. म्हणजे दुपारची कॉपी व्हायच्या आधीच तो पुसला गेला होता. निरंजन शनिवारी कधी आला?"

"संध्याकाळीच. सकाळी त्याच्या गाळ्यात फरशी बसवत होते, तिथे होता." योगिनीचा आवाज हळूहळू उतरत गेला.

"मग तू पोलिसांना काय सांगणार आहेस?"

३

अंजली रिसेप्शनवर येऊन महिनाच झाला होता. त्याआधी ती एका कुरिअरच्या ऑफिसात होती. प्रश्न विचारला की आधी ती खुर्ची मागे सरकवी.

"शुक्रवारी निरंजन सर नक्की काय म्हणाले?"

"मॅडमना सांगितलं ना मी, ताई. कॉम्प्युटरच्या फायलीबद्दल बोलत होते."

"'कॉम्प्युटर' हा शब्द ते म्हणाले?"

अंजलीने विचार केला. "तसं नाही म्हणाले. पण फाईल म्हणजे कॉम्प्युटरचीच ना."

लोक ऐकलेलं सांगत नाहीत, समजलेलं सांगतात, आणि त्यावरून दुसऱ्यांच्या आयुष्याची वाट लागते, हे इंद्रायणीच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं. "तुला काय वाटलं ते राहू दे. कानावर पडलेले शब्द सांग."

"'फाईल आत राहिली? बरं. मॅडमना कळायच्या आत...' असं म्हणाले आणि जिन्यात गेले. पुढचं ऐकू आलं नाही."

फाईल आत राहिली. इंद्रायणीने ते वाक्य मनात घोळवलं. कशाच्या आत? चोराला फाईल बाहेर काढायची असते, ती आत राहिल्याची काळजी तो का करेल?

"जानेवारीचे एक्स-रे तू शेवटचे कधी बघितलेस?"

"शनिवारी सकाळी. एका काकांना त्यांचा एक्स-रे छापून दिला, तो जानेवारीतलाच होता. तेव्हा सगळं होतं." मग तिने आवाज खाली आणला. "त्यानंतर ज्ञानेश सर आले. म्हणाले, कॉम्प्युटर हळू चालतोय, जरा सफाई करतो."

इंद्रायणीने मान वळवून बाकाकडे पाहिलं. दादा एकदम भिंतीवरचं हिरड्यांचं चित्र बघू लागला.

४

"दादा, तू काय पुसलंस?"

"कामाचं काही नाही गं. मेव्हण्याच्या लग्नाचा व्हिडिओ होता. केवढा मोठा. तो काढला."

"दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर लग्नाचा व्हिडिओ?"

"घरच्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती."

"आणि एक्स-रे?"

"एक्स-रेला मी हात कशाला लावीन? योगिनी मला घराबाहेर काढेल." तो खरंच दुखावला होता. "व्हिडिओसुद्धा चुकून गेला तो. मी दुसराच पुसणार होतो. आता तो कायमचा गेला, आणि हे मी अजून घरी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस."

इंद्रायणीने कॉम्प्युटरवरची कचरापेटी उघडली. लग्नाचा व्हिडिओ तिथे होता, अगदी वर. दादाने तो पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की तिला चिडायलाही सुचेना.

"हा गेलेला नव्हता?"

"नाही. इथे पुसलेलं आधी इथेच येऊन पडतं."

तिने पडद्यावर आधीच असलेलं एक निरुपयोगी चित्र दाखवलं आणि अंजलीला म्हणाली, "हे पुसून दाखव." अंजलीने उजवं बटण दाबलं, पुसायची ओळ निवडली आणि विचारलं, "आता हे कायमचं गेलं ना, ताई?" ते चित्र जाऊन दादाच्या व्हिडिओशेजारी पडलं.

इंद्रायणी खुर्चीत मागे टेकली. म्हणजे दादा काय, अंजली काय, दोघांपैकी कोणीही जानेवारी पुसला असता तर तो याच पेटीत सापडला असता. कोणी पेटी रिकामी केली असती तर लग्नाचा व्हिडिओही गेला असता. व्हिडिओ आहे आणि जानेवारी नाही. बाहेरून कोणी शिरल्याची खूणही तिला सापडली नव्हती.

मग तिला आतल्या खोलीतून बाहेर येणारी ती तार दिसली. रंग देताना कोणीतरी भिंतीबरोबर तीही पांढरी करून टाकली होती.

बाहेरच्या कॉम्प्युटरमधली वस्तू आतल्या कॉम्प्युटरवरून पुसली, तर ती कचरापेटीत येत नाही. ती सरळ जाते. जानेवारी आतून पुसला गेला होता.

शनिवारी सकाळी आतल्या खोलीत कोण होतं, हे विचारायचीही गरज नव्हती. योगिनी निघोज्याला होती, निरंजन चऱ्होलीला, अंजली काउंटरवर. आत होती फक्त हर्षाली.

पण का? या मुलीला ना दुसरा दवाखाना काढायचा होता, ना पेशंट पळवायचे होते. इंद्रायणीने पुसलेलं परत शोधणारा आपला प्रोग्रॅम वेगळ्या डिस्कवरून सुरू केला आणि पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकू लागली. दादाच्या अर्ध्या डाउनलोडने जानेवारीतलं काय काय खाल्लं होतं, ते ती पट्टी संपल्यावर कळणार होतं.

५

निरंजनला योगिनीने फोन करून बोलावून घेतलं होतं. तो आला तेव्हा त्याच्या बुटांवर सिमेंटची पांढरी धूळ होती.

"शनिवारी संध्याकाळी तुम्ही काय करत होता?" इंद्रायणीने त्याला जिन्यात गाठून विचारलं.

"एक एक्स-रे शोधत होतो. तो सापडला नाही. आख्खा महिनाच सापडला नाही."

"म्हणजे तुम्हाला शनिवारीच कळलं होतं. आणि तुम्ही गप्प बसलात? आज दुपारी तुमच्यावर तक्रार होणार होती."

"ज्याने बोलायचं त्याला वेळ द्यावा म्हटलं," तो म्हणाला. "मी बोललो असतो तर ती चुगली झाली असती."

"शुक्रवारी फोनवर कोण होतं?"

"ते मी सांगणार नाही."

"कसली फाईल आत राहिली?"

निरंजनने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुम्हाला खरंच कळलं नाही?" असं म्हणून तो पायऱ्या चढून निघून गेला. इंद्रायणीला त्याच्या मागे काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. सकाळपासून या दवाखान्यात प्रत्येक जण तिला अर्धंच सांगत होता, आणि उरलेलं अर्धं तिने ओळखावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

ती तणतणत आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. खुर्चीवर एक कंपनीचा कामगार तोंड उघडून झोपला होता, युनिफॉर्म अंगावरच. योगिनी त्याच्या दाताचं काम करत होती, शेजारी हर्षाली हाताखाली उभी होती.

"हर्षाली, पंचवीसची फाईल दे," योगिनी मान वर न करता म्हणाली.

इंद्रायणीला वाटलं, आता ही कपाटाकडे जाईल, नाही तर कॉम्प्युटरकडे. हर्षालीने ट्रेमधून एक बारीक पोलादी सुई उचलली. सुईला लाल प्लॅस्टिकची चिमुकली मूठ होती.

इंद्रायणी दारातच थबकली.

"वहिनी, याला फाईल म्हणतात?"

"हो. दाताच्या मुळातली नळी साफ करायची कानस. का गं?"

"ही मोडते का कधी?"

"मोडते कधी कधी. नळी वाकडी असली की टोक मोडून आत राहतं." योगिनीने हात पुढे केला होता, पण त्यात सुई येत नव्हती. तिने वर पाहिलं. हर्षाली ती लाल मूठ चिमटीत धरून तशीच उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी मास्कवर उतरत होतं.

योगिनीने ती सुई तिच्या बोटांतून हलकेच काढून घेतली. "बाहेर जाऊन बस," ती म्हणाली, आणि पेशंटचं काम पूर्ण केलं.

६

जेवणाच्या सुट्टीपर्यंत हिरवी पट्टी संपली. जानेवारीतली बहुतेक चित्रं परत आली होती, पण नावं पुसली जाऊन. नुसतेच काळेपांढरे दात, कोणाचे ते कळायला मार्ग नाही. योगिनी एकेक पुढे सरकवत गेली. एका दाढेशी तिचा हात थांबला. दाढेच्या वाकड्या मुळात, टोकाच्या जवळ, केसाएवढी पांढरी रेघ होती. हाडाहूनही पांढरी.

"हा कोणाचा?"

बाकावरून हर्षालीचा आवाज आला.

"कस्तुराबाईंचा. निघोज्याच्या. शुक्रवारी सकाळी मोडली."

"शुक्रवारी. आणि तू मला सांगितलं नाहीस."

"मी तिला तेच म्हणालो होतो," निरंजन म्हणाला. "मॅडमना कळायच्या आत तूच जाऊन सांग. फोनवर एवढंच बोललो."

"आता बोल," योगिनी हर्षालीला म्हणाली.

"सोमवारी तुम्ही सगळे एक्स-रे बघता. एकच काढला असता तर तुम्ही विचारलं असतं. सगळेच गेले तर मशीन बिघडलं म्हणाल, असं वाटलं. त्यांना पुढच्या आठवड्यात सकाळी बोलावून मी स्वतःच ते टोक काढणार होते." हर्षाली जमिनीकडे बघत होती. "डिसेंबरमध्ये एक मोडली होती, तेव्हा मी लगेच सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही पेशंटसमोर म्हणालात, हातात कसब नसेल तर दुसरं काम बघ. बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं होतं ते."

योगिनीने पडदा सोडून तिच्याकडे पाहिलं. "म्हणाले होते," ती म्हणाली. "ते माझं चुकलं. पण हे त्याने माफ होत नाही. सुई मोडणं हा अपघात असतो, माझ्याही हातून मोडल्यात. पेशंटला न सांगणं हा अपघात नाही."

इंद्रायणीचा मात्र संयम संपला होता. सकाळपासून पासवर्ड, डिस्क, व्हिडिओ, अर्धी वाक्यं. "तुम्ही सगळे एकमेकांचं बघताय," ती म्हणाली. "कोणाला कसब आहे, कोण कोणाची चुगली करतो, कोण पेशंट फोडतो. ज्यांच्या दाढेत हे टोक आहे त्या बाई कशा आहेत, हे विचारलं का कोणी?"

अंजली खुर्ची मागे सरकवत उठली.

"ताई, मी शनिवारपासून त्यांना फोन लावतेय. कसं वाटतंय ते विचारायला, नेहमी करतो तसा. आधी रिंग जायची. आता फोन बंदच येतोय."

योगिनीने पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि गाडीच्या किल्ल्या उचलल्या. "हर्षाली, इंदू, तुम्ही पण चला. निरंजन, दवाखाना बघ." दारात ती क्षणभर थांबली. "आणि तुझ्याबद्दल मी जे बोलले ते आम्ही परत आल्यावर इंदूला विचार. ऐकून झालं की मला काय म्हणायचं ते म्हण."

७

निघोज्याला कंपनीच्या भिंतीमागे कस्तुराबाईंचं, येळवंड्यांचं घर होतं. पुढे पत्र्याच्या खोल्यांत कामगार भाडेकरू, मागे यांचं राहतं घर, अंगणात कांद्याच्या गोण्या. कस्तुराबाई ओसरीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पदराने त्यांनी अर्धा चेहरा झाकून घेतला होता.

योगिनीने पदर बाजूला केला. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता आणि अंगात ताप होता.

"मावशी, फोन का नाही उचलला?"

म्हातारी उठून बसली. तिघींना बघून ती चोरी पकडल्यासारखी अंग आवरून घेऊ लागली.

"तुमी रागवाल म्हनून," ती म्हणाली. सुजेमुळे शब्द बोबडे येत होते. "ही पोरगी म्हनली व्हती, त्या अंगानं काय चावू नगा. अन् मी तिळाची वडी खाल्ली. संक्रांतीची उरली व्हती. शनवारी सकाळी ठणका सुरू झाला. सून म्हनली, बगा, सांगितल्यालं ऐकत न्हाई तुमी, आता भोगा. मग कोणत्या तोंडानं तुमाला फोन करू?"

पलीकडे कंपनीत शिफ्टचा भोंगा वाजला.

इंद्रायणीने हर्षालीकडे पाहिलं. खरं कळल्यापासून तिला या मुलीचा राग आला होता, अजूनही होता. पण तो चेहरा बघून तिला मान दुसरीकडे वळवावी लागली. आपण लपवलेल्या गोष्टीची शिक्षा कोण भोगत होतं, हे त्या मुलीला आत्ता दिसत होतं.

हर्षाली खाली, त्यांच्या अंथरुणाशी बसली.

"मावशी, वडीने काही झालेलं नाही. माझ्या हातून तुमच्या दाढेत सुईचं टोक मोडलं. ते आत आहे. त्याच्या खालची जागा साफ करायची राहिली, म्हणून सूज आली. मला शुक्रवारीच माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही, मॅडमनाही सांगितलं नाही. एक्स-रे पुसून टाकला."

कस्तुराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "सुई? लोकंडाची?"

"हो."

"आजून हाय आत?"

"आहे. चिंचवडला एक डॉक्टर आहेत, ते यंत्राखाली बघून असलं टोक काढतात. आत्ता तिकडेच जाऊया. मी बरोबर राहीन. पुढे तुम्हाला माझ्याकडून दात दाखवून घ्यायचा नसेल, तर नका घेऊ."

"मावशी, जबाबदारी दवाखान्याची आहे," योगिनी म्हणाली. "तुम्हाला तक्रार करायची असेल तर मी अडवणार नाही."

म्हातारीने गालाला हात लावला आणि कण्हली. मग दुसऱ्या हाताने खांबाचा आधार घेत ती उठायला लागली. योगिनीने पुढे होऊन तिला धरलं.

"तकरार मागनं बगू," ती म्हणाली. "ठणका लई हाय, गाडी आना." दोन पावलं गेल्यावर ती थांबली आणि वळून हर्षालीकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चांगलाच करडा झाला होता. "तू न्हाई. तू आधी सैपाकघरात जा. दिपाली भाकरी थापत बसलीया. दोन दिस ती मला वडीवरनं बोलतीया, अन् मी ऐकून घेतलं, खरंच वाटलं मला. तिला जाऊन सांग, काय झालं ते. समदं सांग."

हर्षाली उठली. मग चपला काढून ती आत गेली. आतला भाकरी थापल्याचा आवाज थांबला. इंद्रायणी ओसरीत उभी होती. आतून हर्षालीचा पडलेला आवाज तिला ऐकू येत होता, अडखळत, पण काही न गाळता, पुन्हा पहिल्यापासून सांगणारा. कस्तुराबाई योगिनीच्या खांद्यावर हात टाकून अंगणात उभ्या होत्या आणि शेवटच्या शब्दापर्यंत ऐकल्याशिवाय गाडीत बसायला तयार नव्हत्या.